गिरगावच्या शेटजींचं दप्तर : प्रकल्प नोंदी

दप्तर कापूस आणि हुंडीचा (पैसे देण्याच्या देशी लेखी चिठ्ठीचा) धंदा करणाऱ्या एका मराठी शेटजींचं आहे. काळ साधारण १८३० ते १८८०. घराण्याच्या इच्छेनुसार नाव इथे येत नाही. दप्तराची खूण गि.द.

८ जानेवारी

माळ्यावरून उतरलेल्या सामानाची मोजदाद झाली. मांजरपाटात बांधलेले १४ रुमाल (कागदांचे गठ्ठे), लाल खारव्याच्या वेष्टनातल्या ३१ वह्या, पत्र्याची एक ट्रंक आणि विसाव्या शतकात कोणीतरी लावलेल्या नऊ फायली.

रुमाल सोडायच्या आधी गाठीसकट फोटो, सोडल्यावर दुसरा, मग थर उचलताना प्रत्येक थराचा. गाठीत खोचलेली चिठ्ठी, मधली पट्टी, दोरा, कोरा कागद, सगळं मोजणीत धरायचं. क्रमांक २बी पेन्सिलीनेच, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात: गि.द./३/४७ म्हणजे तिसऱ्या रुमालातला सत्तेचाळिसावा कागद. बॉलपेन, शाईचा शिक्का आणि रबरबँड या खोलीत येणार नाहीत.

नऊ फायलींना आधी हात लावायचा नाही. त्यांवर ‘महत्त्वाची पत्रे’ असं लिहिलेलं आहे आणि सगळ्या दप्तरात सर्वांत जास्त नुकसान तिथेच झालंय. गव्हर्नरांच्या सचिवांची पत्रं, आभारपत्रं, सभांची निमंत्रणं असं जे जे मिरवण्यासारखं होतं ते मूळ रुमालांतून उपसलं, पंच केलं, डिंकाने जाड कागदावर डकवलं आणि फाटलेल्या कडांना सेलोटेप लावला. ज्या पत्रावर इंग्रजी सही ते महत्त्वाचं, ज्यावर मोडी ते रद्दी, अशी ती निवड दिसते.

१३ जानेवारी

कीड. ट्रंकेच्या तळाशी वाळवीचे मातीचे मार्ग आहेत, पण कोरडे, दाबल्यावर पीठ होणारे. ते जुने. रुमाल ५ आणि ९ मध्ये मात्र घडीतून बारीक, फिकट, ताजा भुसा गळतोय. म्हणजे आत अळी जिवंत आहे. हे दोन्ही रुमाल लगेच वेगळ्या खोलीत.

उपाय गोठवण्याचा. रुमाल टिपकागदात गुंडाळून पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत, हवा काढून, तोंड सील करून, उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. मुंबईच्या हवेत थंड कागद उघडा पडला की मिनिटभरात त्यावर दव धरतं आणि शाई उतरते. लाखेच्या मोहरा असलेले कागद गोठवायचे नाहीत, लाख तडकते. ते आधीच वेगळे काढले. गोठवल्याने कीड मरते, बुरशी मरत नाही, नुसती निजते. तेव्हा बुरशीचे कागद वेगळे, आणि त्यांच्यावर काम करताना एन-९५ मास्क व हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, कमी ओढीवर, नळीच्या तोंडाला जाळीचं कापड लावून.

डांबराच्या गोळ्या सापडल्या तेवढ्या काढून टाकल्या. वेखंडाच्या पुरचुंड्या काही रुमालांत आहेत. त्यांनी अपाय केलेला नाही. फोटो काढून त्याही बाहेर ठेवल्या.

२९ जानेवारी

एकाच रुमालात, एकाच घडीत दोन कागद. मोडी पत्र जुन्नरी वळणाच्या हातकागदावर, बोरूने, काजळाच्या शाईत. त्याला लागून १८५० च्या दशकातलं लिव्हरपूलचं पत्र, निळसर विलायती कागदावर, टाकाने. मोडी पत्राची शाई आजही काळीकुळकुळीत. इंग्रजी पत्राच्या ओळी तपकिरी पडल्यात, जाड फटकारे आरपार गळालेत, आणि त्याच ओळींचा आरसा-ठसा शेजारच्या मोडी पत्रावर उमटलाय.

कारण शाईत आहे. काजळाची शाई म्हणजे डिंकात कालवलेला कार्बन. तो कागदाशी भांडत नाही. इंग्रजी शाई मायफळ आणि हिराकस यांची. तिच्यात आम्ल असतं आणि जास्तीचं लोह मोकळं राहतं. दमट हवेत ते दोन्ही मिळून सेल्युलोज तोडतात. तपासणी बॅथोफेनँथ्रोलिनच्या पट्टीने: पट्टीवर डिस्टिल्ड पाण्याचा थेंब, जादा पाणी टिपून घ्यायचं, अक्षराच्या कडेला तीस सेकंद दाबायची. पट्टी गुलाबी झाली की मोकळं लोह आहे. रुमाल ३ मधून घेतलेली जवळजवळ सगळी इंग्रजी पत्रं गुलाबी निघाली.

अशा पत्रांना पाणी लावायचं नाही, वाफही नाही. पाणी लोहाला अक्षराबाहेर नेतं आणि नंतर अक्षराभोवतीचा कोरा कागदही ठिसूळ होतो. तूर्त प्रत्येक इंग्रजी पत्र आम्लमुक्त कागदाच्या स्वतंत्र घडीत. पण जागा तीच, रुमालातला क्रम तोच. शाई दोन प्रकारची म्हणून गठ्ठे दोन करायचे नाहीत.

घड्यांत काळी वाळू भरपूर. ओली शाई टिपायला टाकलेली. मऊ कुंचल्याने झाडायची, कारण कागद सरकला की ती कानशीसारखी घासते. चिमूटभर नमुना लिफाफ्यात ठेवला.

१६ फेब्रुवारी

वह्या. ३१ पैकी १७ रोजकीर्दी (रोजच्या जमाखर्चाच्या), ११ खतावण्या (खातेवार हिशेबाच्या), तीन कच्च्या टिपणांच्या. पानांवर छापील रकाने नाहीत. शिवायच्या आधी ताव उभे घडी घालून सळ पाडलेत आणि लिहिणारा सळाच्या आधाराने आकडे मांडतो. म्हणून पानं इस्त्री केल्यासारखी सपाट करायची नाहीत. सळ गेले तर रकाने गेले आणि कोणता आकडा कोणत्या नावापुढचा ते कळणार नाही.

आकडे वाचताना घोटाळा होतो तो अपूर्णांकात. रकमेपुढची एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. बोरू अडखळून ओढली गेलेली रेघही अगदी तशीच दिसते. त्यामुळे नियम असा: एका दिवसाची जमा, खर्च आणि शिल्लक जुळली, आणि तीच शिल्लक दुसऱ्या दिवशीच्या डोक्यावर सापडली, तरच त्या दिवसाचे आकडे पक्के. नाही जुळले तर आकडा चौकटी कंसात आणि प्रश्नचिन्ह.

१८३५ च्या आधीच्या दोन वह्यांत आण्यांचा पत्ता नाही. मुंबईचा जुना हिशेब: रुपयाचे चार पाव, पावाचे शंभर रेस. १८३५ मध्ये कंपनीचा एकसारखा रुपया आला तरी कारकुनाचा हात लगेच बदलत नाही. वहीच्या पानांत दोन्ही पद्धती काही काळ शेजारी नांदतात. खंडी हे वजनाचं माप: कापसाची खंडी ७८४ पौंडांची, पण इतर मालाची मुंबई खंडी ५६० पौंडांची. ‘खंडी’ दिसली की माल कोणता ते आधी पाहायचं, मगच रूपांतर.

४ मार्च

तारखा. शेटजींच्या पेढीवर मराठी कारकून, गुजराती मुनीम आणि पारशी दलाल, त्यामुळे एका व्यवहाराला तीन पंचांगं. सूचीसाठी रूपांतराचे नियम ठरवले ते असे.

शालिवाहन शक: चैत्र ते डिसेंबर ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९. गुजराती विक्रम संवत कार्तिकात बदलतो: कार्तिक ते डिसेंबर ५७ वजा, पुढे आश्विन अमावास्येपर्यंत ५६ वजा. महिना, पक्ष आणि तिथी मात्र दोघांची एकच, कारण दोघंही अमान्त, म्हणजे महिना अमावास्येला संपणारे. पारशांच्या यज्दगर्दी सनाचं साल शहेनशाही पंथात त्या काळी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलायचं. तिथून डिसेंबरपर्यंत ६३० मिळवायचे, नंतर ६३१. कदमी पंथाचं नवं वर्ष त्याच्या महिनाभर आधी येतं. दलाल कोणत्या पंथाचा हे कळल्याशिवाय इंग्रजी दिवस लिहायचा नाही, फक्त साल.

पडताळ्याला उदाहरण: १ जुलै १८६५. अमेरिकेतलं युद्ध संपून कापसाचा भाव कोसळल्यावर शेअरांच्या वायद्यांचा निकाल लागायचा तो दिवस, ज्याने मुंबईतल्या अनेक पेढ्या हादरल्या. मराठी रोजकीर्दीत तो शके १७८७ क्रोधन संवत्सर, आषाढ. गुजराती वहीत संवत १९२१, आषाढ. पारशी चिठ्ठीत यज्दगर्दी १२३४. संवत्सराचं नाव फार उपयोगी पडतं. शकाचा आकडा पुसट असला तर ‘क्रोधन’ साठ वर्षांतून एकदाच येतं.

तारीखच नसलेल्या पत्रांसाठी: विलायती कागद उजेडासमोर धरून जलचिन्हातलं साल. ते खालची मर्यादा देतं, वरची नाही, कारण कागद जहाजाने येऊन पेढीत वर्ष-दोन वर्षं पडून राहायचा. चिकटवायचं हिंदुस्थानी टपाल-तिकीट असेल तर सर्वसाधारणपणे १८५४ च्या ऑक्टोबरनंतरचं.

२२ मार्च

हुंड्या रुमाल ७ मध्ये, तारेत ओवलेल्या. तारेच्या भोकाभोवती गंजाची तांबडी कडी. तार कापून काढली, ओढून नाही. ओढली असती तर प्रत्येक भोक फाटून लांबलं असतं. गंज सुक्या कुंचल्याने जेवढा सुटला तेवढाच.

वाचण्याची रीत एकदा पक्की बसली की हुंडी पत्रापेक्षा सोपी, कारण मजकूर ठरावीक. लिहिणाऱ्याचं गाव आणि नाव, ज्याच्यावर लिहिली त्याचं गाव आणि नाव, रक्कम, ‘निमे रुपये पाचशे याचे दुप्पट पुरे रुपये एक हजार’ या घाटाची ओळ, रक्कम कोणाकडून ठेवून घेतली, कोणाला द्यायची, मुदत, मिती (तिथी). मागच्या बाजूला चौकटीत पुन्हा रक्कम. निम्म्याची ओळ खाडाखोड अडवायला असते. आम्हाला ती वेगळ्याच कामाला आली: आकडा कसरीने खाल्लेल्या हुंड्यांतही निम्मा आकडा शब्दांत शाबूत असल्याने पूर्ण रक्कम मिळते.

सूचीत प्रत्येक हुंडीला पाच रकाने: दर्शनी (दाखवताच भरायची) की मुदती, शहाजोग (पतदार सावकारालाच द्यायची) की धनीजोग (हुंडीच्या धन्याला द्यायची), रक्कम, हुंडावण (हुंडीची वटणावळ), आणि भरली की परतली. भरून रद्द झालेली ती खोखा. हरवलेल्या हुंडीची दुसरी प्रत म्हणजे पेठ आणि तिसरी परपेठ. पेठ वेगळा व्यवहार म्हणून मोजली की बेरीज दुप्पट फुगते. या रुमालात चार पेठा आहेत आणि चौघींच्याही मूळ हुंड्या त्याच तारेत निघाल्या, म्हणजे हरवलेल्या हुंड्या मागून सापडल्या होत्या.

गुजराती हुंड्यांचं अक्षर वाणियाशाई: शिरोरेघ नाही, काना-मात्रा बहुतेक गाळलेल्या. पेढ्यांची नावं खतावणीतल्या खात्यांशी ताडूनच वाचायची. अंदाजाने मात्रा भरायची नाही.

१० एप्रिल

फायलींतली पत्रं मूळ जागी नेण्याचं काम. ही दप्तरातली सर्वांत किचकट आणि सर्वांत फायद्याची बाजू.

पहिला पुरावा घडीचा. रुमालातली पत्रं चौपदरी घडीत, पाठीवर मोडीत शेरा: कोणाचं, कोणत्या मितीस पोचलं. फाइलमधल्या पत्राची पाठ डकवलेली, म्हणून आधी सोडवावी लागते. डिंक पाण्यात सुटतो, पण शाई लोहाची असल्याने पाणी चालत नाही. मग उलटं केलं: पत्र पालथं, खालचा जाड कागद पापुद्र्या-पापुद्र्याने पातळ करत नेला आणि शेवटच्या थरावर मिथिल सेल्युलोजच्या घट्ट लगद्याची पुलटिस (लेप), दर दोन मिनिटांनी उचलून पाहत. सेलोटेपची पट्टी कोमट स्पॅचुलाने, उरलेला चिकटा क्रेप रबराने. शेरे वाचता आले.

दुसरा पुरावा किडीचा. अळी थरातून आरपार जाते. तिचं भोक एका कागदावर जिथे असतं तिथेच, थोडं सरकून, पुढच्यावर असतं. रुमाल ९ मधल्या ५२ व्या कागदावर वरच्या डाव्या चतुर्थांशात तीन भोकं, मधलं वाटाण्याच्या आकाराचं लांबट. ५३ व्या कागदावर तीच तीन, पण मधलं एकाएकी लहान आणि कलतं. मध्ये काहीतरी गेलंय. फाइल ४ मधलं एक इंग्रजी आभारपत्र मूळ घडीत घातलं आणि प्रकाशपेटीवर दोघांच्या मध्ये ठेवलं. तिन्ही भोकं जुळली, मधल्याचा कल बरोबर अर्ध्यावर आला. त्या पत्रावरच्या शाईचा आरसा-ठसाही ५२ च्या पाठीवर निघाला. दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय पत्र परत लावायचं नाही, असा नियम केला. एकच जुळली तर फाइलमध्येच राहील, सूचीत ‘संभाव्य जागा’ अशी नोंद.

त्या आभारपत्राचे शेजारी पाहण्यासारखे आहेत. ५२ म्हणजे कापसाच्या गाठींची पावती, ५३ म्हणजे दलालीचा हिशेब. फाइलमध्ये ते शेटजींच्या औदार्याचा दाखला होतं. जागेवर गेल्यावर ते धंद्याच्या हंगामातलं एक पत्र झालं.

३० एप्रिल

यावरूनच ठरवलं की सूचीत ‘व्यापार’ आणि ‘दानधर्म’ असे दोन विभाग पाडायचे नाहीत. तशी मागणी होती, शोधायला सोपं जातं म्हणून. पण खतावणी त्याच्या विरुद्ध सांगते.

खतावणीत दानाचा पैसा दोन खात्यांतून जातो. एक शेटजींचं घरखातं. दुसरं धर्मादाय खातं. दुसऱ्यात जमा होणारी रक्कम शेटजींची नाहीच: विकलेल्या मालावर खंडीमागे थोडे पैसे खरेदीदाराकडून धर्मादाय म्हणून घेतले जात, ते पेढी सांभाळी आणि त्यावर व्याजही जमा करी. मुंबईत ही रीत सर्रास होती. भुलेश्वरचा पांजरापोळ १८३४ मध्ये निघाला तेव्हा जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्यासोबत व्यापाऱ्यांनी मालावर असाच लागा (पट्टी) बसवला होता. आमच्या दप्तरात विहीर, पाणपोई आणि धर्मशाळेची डागडुजी धर्मादाय खात्यातून, तर शाळेची वर्गणी आणि मुलींच्या शाळेची बक्षिसं घरखात्यातून. इंग्रजी आभारपत्रं दोन्ही बाबतींत सारखीच गोड आहेत, त्यांवरून काही कळत नाही.

म्हणून प्रत्येक दानाच्या नोंदीला तीन गोष्टी जोडायच्या: रक्कम कबूल केल्याची तारीख, प्रत्यक्ष नावे (खर्ची) पडल्याची तारीख, आणि कोणत्या खात्यावर. कबुली आणि भरणा यांतलं अंतर १८६५ नंतर ठळक होतं. तेजीत जाहीर झालेली एक मोठी वर्गणी वहीत हप्त्याहप्त्याने चार वर्षं फिटत राहते, आणि दुसऱ्या एकीपुढे रक्कमच पडत नाही. छापील वर्गणीदारांच्या यादीवरून लिहिणाऱ्याला दोघी सारख्याच दिसतील. मोठ्या दात्यांबद्दलही हा प्रश्न विचारायला हवा. कापूस आणि शेअरांचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि राजाबाई मनोऱ्याला पैसा दिला १८६४ मध्ये, तेजीत. मनोरा पुरा झाला १८७८ मध्ये. माहीमच्या पुलासाठी जमशेटजींच्या पत्नी अवाबाईंनी दिलेले एक लाख सत्तावन्न हजार, किंवा १८४५ मध्ये सुरू झालेलं जे.जे. रुग्णालय, अशा आकड्यांवर सगळे थांबतात. कोणत्या खात्यातून, किती हप्त्यांत, हे सांगायला खतावणीच लागते.

जमशेटजींच्या पत्रवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. पत्रवहीत गेलेली पत्रं असतात, आमच्याकडे आलेली. दोन्ही जातींचं दप्तर एका माणसाचं क्वचितच मिळतं, तेव्हा ‘उत्तर नाही’ याचा अर्थ ‘उत्तर दिलं नाही’ असा सूचीत लिहायचा नाही.

२१ मे

दुरुस्ती. हातकागदाला गव्हाच्या सत्त्वाची खळ: एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ढवळत, थंड झाल्यावर केसाच्या चाळणीतून दोनदा. लावताना ताकासारखी पातळ. मोरचूद घालायचं नाही. बाइंडर किडीसाठी घालतात, पण तांबं कागद जाळतं, आणि जुन्या तीन वह्यांच्या पुठ्ठ्यांखाली हिरवट-तपकिरी डाग त्याचेच आहेत. मैदाही नको, ग्लुटेनमुळे ताठर होतो. जोडायला नऊ ग्रॅमचा कोझो टिश्यू (पातळ जपानी कागद), फाडलेल्या कडेचा, कापलेल्या नव्हे.

गुलाबी पट्टीच्या पत्रांना ही खळ नाही. त्यांच्यासाठी टिश्यूवर जिलेटिनचा थर आधीच सुकवून ठेवलाय. तुकडा ओलसर स्पंजावर क्षणभर टेकवायचा, चमक गेली की चिकटवायचा, वर टिपकागद आणि वजन.

१४ जून

पाऊस लागला. आर्द्रता बाहेर ८८ टक्के, खोलीत ६१. पन्नास टक्क्यांची पुस्तकी मर्यादा मुंबईत धरून बसण्यात अर्थ नाही. ५५ ते ६० मध्ये स्थिर ठेवणं जमतं आणि पुरतं, ६५ ओलांडलं की बुरशी. चढउतार जास्त मारक. डिह्युमिडिफायर रात्री बंद केला की सकाळी कातडी कणा असलेल्या वह्या फुगलेल्या, म्हणून तो अखंड चालू, पाण्याची नळी थेट मोरीत. कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे. समुद्राकडची भिंत ओली असते आणि तिला टेकलेल्या खणात लॉगर (आर्द्रता नोंदणारं यंत्र) चार टक्के जास्त दाखवतो.

फोटोंचं काम पावसाळ्यात थांबवलेलं नाही. वरून कॅमेरा, ४०० पीपीआय (इंचामागे ४०० बिंदू), टिफ फाइल, प्रत्येक चौकटीत रंगपट्टी आणि मोजपट्टी. वहीच्या शिवणीकडे गेलेला आकडा दिसत नसेल तर वही दाबायची नाही, वेजवर (उतरत्या आधारावर) ठेवून दुसरा फोटो. कोऱ्या पानांचेही फोटो.

९ जुलै

ट्रंकेतलं विश्वस्तपत्र वाचून झालं. त्यातली मिळकत आजच्या न्यासाच्या नोंदीशी ताडायची आहे, ती वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातल्या परिशिष्टावरून. विश्वस्तपत्रात विहिरीचं पाणी ‘सर्व रयतेस’ आहे आणि धर्मशाळेचा वापर विशिष्ट ज्ञातींपुरता. दोन्ही कलमं सूचीत जशीच्या तशी, गुळगुळीत न करता.

घराण्याला लेखी कळवलं: ७५ वर्षांहून जुने ऐतिहासिक मोलाचे कागद १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात, परदेशी पाठवता येत नाहीत. दोन हुंड्या परदेशातल्या नातेवाइकांना भेट द्यायचा विचार होता. त्यांना मूळ आकारातल्या प्रती करून दिल्या.

रुमाल ११ आणि १२ बुरशीमुळे अजून बांधलेलेच. पाऊस संपून बाहेरची आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या खाली आल्यावर उघडायचे. तोपर्यंत खतावणी क्र. ६ मधल्या धर्मादाय खात्याचं व्याज तपासून घ्यायचं: शके १७८४ पासून दर बदललेला दिसतो आणि बेरीज चौदा आण्यांनी अडकते.